लोटणीची रिकामी पेटी

कुणाकडे पाहुणा म्हणून गेलं की माणसं टीव्ही केवढा आहे ते बघतात, फोटो बघतात, पडदे बघतात. मी जमीन बघतो. सोफ्याचे पाय टेकतात तिथली, दाराच्या फटीपाशची, पंख्याच्या बरोबर खालची. शालन, म्हणजे माझी बायको, मला कोपरानं ढोसायची आणि हळूच म्हणायची, "वर बघा जरा. लोकांना वाटंल, यांचं काय तरी हरवलंय." आता ढोसायला कुणी नसतं, त्यामुळे मी खुशाल बघत बसतो.

मी वसंत मिस्त्री. मूळचा पिंपळवंडीचा. शेती धाकट्या भावानं घेतली आणि मी पाने-पकडी घेऊन जुन्नरला आलो. बाजारपेठेतल्या एका बोळात पस्तीसेक वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त करायचं दुकान चालवलं. या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, मशिनींबद्दल लिहा. पण शिलाई मशीन दुरुस्त करणारे गावोगाव आहेत. मला लिहायचंय ते दुसऱ्याच एका यंत्राबद्दल. ते यंत्र सुधारायच्या नादात माझी बारा-पंधरा वर्षं गेली. त्या नादाला हसणारे बरेच होते आणि त्यातले काही अजून रस्त्यात भेटतात.

यंत्राचं इंग्रजी नाव कार्पेट स्वीपर. आमच्याकडे त्याला लोटणी असं नाव पडलं, तेच मी वापरतो. एक चपटी पत्र्याची पेटी, खाली चार रबरी चाकं, चाकांच्या मधे ब्रशाचा रूळ आणि वर लांब दांडा. दांडा धरून ढकललं की चाकं फिरतात, चाकांना घासून रूळ फिरतो आणि रूळ जमिनीवरचा कचरा उचलून पेटीत भिरकावतो. वीज लागत नाही, आवाज होत नाही. झाडूनं सतरंजी झाडली की धूळ उठते, घरभर हिंडते आणि परत तिथेच येऊन बसते. लोटणीत ती पेटीत जाते. निदान जावी अशी अपेक्षा असते. मग पेटीची झडप उघडायची आणि कचरा ओतायचा. एवढंच यंत्र. यात सुधारायला काय आहे, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा आमच्या भागात उन्हाळा काढावा.

माझं घर गावाच्या कडेला, लेण्याद्रीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. अंगारकीला गाड्यांची रीघ लागते. रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हा तर दोन वर्षं रस्ता कमी आणि मुरूम जास्त अशी स्थिती होती. त्यात मळणीचा भुसा, त्यात कांद्याच्या वाळक्या पापुद्र्यांचा चुरा. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं.

पहिली लोटणी माझ्याकडे आली ती कांतिशेठकडून. शेठचं कापडाचं दुकान माझ्या बोळाच्या तोंडाशी. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं हे घर, पण मराठी माझ्यापेक्षा चोख. वरच्या मजल्यावर राहतं घर आणि तिथे सुनेच्या माहेराहून आलेला भला मोठा गालिचा. परदेशातल्या कुणा नातेवाइकानं लोटणी दिली होती आणि वर्षभरात तिचा रूळ फिरेनासा झाला. शेठ ती काखेत धरून आले आणि म्हणाले, "मिस्त्री, याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत नसेल, मलाही माहीत नाही. पण चाकं आहेत म्हणून तुमच्याकडे आणलं."

उघडून पाहिलं तर चाकाचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, त्यामुळे रुळावर घासत नव्हतं. शिलाई मशिनीत बॉबीन भरायच्या चाकाला एक छोटी रबरी कडी असते. तसल्या कड्या माझ्याकडे डबाभर होत्या. दोन-दोन जोडून बसवल्या, काम झालं. त्याच वेळी मला पेटी वाचायचा नाद लागला. त्या पेटीत बिस्किटाचा चुरा होता, पेन्सिलीची सालपटं होती, बडीशेप होती आणि पत्त्यातली एक चौकट दुर्री होती. मी शेठना म्हटलं, "नातू गालिच्यावर बसून अभ्यास करतो, जेवल्यावर कुणीतरी तिथेच लवंडतं आणि तुमचा पत्त्यांचा डाव गेले काही महिने लागत नसणार." शेठनी दुर्री खिशात घातली.

लोटणी पोहोचवायला गेलो तेव्हा शेठच्या आई भेटल्या. घरात सगळे त्यांना मोठीबाई म्हणत, मीही म्हणू लागलो. ऐंशीच्या पुढच्या, पांढरी साडी, कान तिखट. रोज सामायिकाला, म्हणजे जैनांच्या नेमाच्या ध्यानाला, बसायच्या आधी त्या लोकरीच्या छोट्या पुंजणीनं बसायची जागा हलक्या हातानं साफ करून घ्यायच्या. तिथे एखादी मुंगी, एखादा किडा असेल तर तो न चिरडता बाजूला व्हावा, यासाठी ती पुंजणी. जयणा म्हणतात त्याला त्यांच्याकडे, म्हणजे जीव सांभाळून वागणं. मोठीबाईंनी लोटणी उलटी करायला लावली, रुळावरचे ताठ केस बोटानं चाचपले आणि म्हणाल्या, "भाऊ, यात मुंगी जगायची नाही. माझ्या पुंजणीसारखं मऊ करता येईल?"

मी "बघतो" म्हटलं. आमच्या धंद्यात "बघतो"चा अर्थ बहुतेकदा "नाही" असाच असतो. पण म्हातारीनं पाठ सोडली नाही. दुकानावरून जाणाऱ्या नातवाकडून रोज निरोप, मिस्त्रींनी बघितलं का. शेवटी एका मेंढपाळाचा कळप ओतूरच्या बाजूला शेतात बसला होता, तिथे जाऊन लोकर आणली. शालननं ती पिंजून, पीळ घालून दिली. रुळावर एक ओळ ताठ केसांची होती ती काढली आणि लोकरीच्या झुपक्यांच्या दोन ओळी बसवल्या. मला वाटलं होतं, या लोकरीनं कचरा काय उचलला जाणार. पण पेटी उघडली तर तळाशी हळदीच्या पुडीसारखी बारीक धूळ. ताठ केसांचा रूळ जी धूळ नुसती उडवायचा, ती लोकर धरून ठेवत होती. मोठीबाईंना मुंगी वाचवायची होती आणि मला धूळ पकडायची होती. त्यांच्या कामातून माझं काम झालं. मुंग्या किती वाचल्या ते मात्र मी कधी मोजलं नाही.

आता शालनबद्दल सांगायला हवं.

शालन घोडेगावची. लग्न झालं तेव्हा तिला शिवणकाम येत होतं आणि मला मशीन दुरुस्ती. दोन्ही घरच्यांना वाटलं होतं की जोडी छान जमली. जमलीही. आम्हाला मूल झालं नाही. त्यावर डॉक्टर झाले, देव झाले, मग आम्ही तो विषय मिटवला आणि शालननं पुढच्या खोलीत शिवणक्लास काढला. मी सहा जुन्या मशिनी नीट करून दिल्या. मुली सतरंजीवर बसून कापड बेतायच्या, टाके घालायच्या, आणि खोलीत दिवसभर चिवचिव चाललेली असायची. दुपारच्या बॅचला दहा मुली, संध्याकाळच्या बॅचला आठ. कुणाचं लग्न ठरलं की शालनच्या डोळ्यांत पाणी यायचं.

कापड कापलं की त्याचा तूस उडतो. खडूची भुकटी उडते. वर रस्त्याचा मुरूम. पन्नाशीच्या आत शालनला दम लागायला लागला. आधी पायऱ्या चढताना, मग बोलताना. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, हिला धुळीचा त्रास आहे. धुळीत राहिली तर वाढत जाईल. क्लास बंद करा, नाहीतर घरातली धूळ बंद करा.

घरी येऊन शालन पाणी प्यायली आणि म्हणाली, "क्लास बंद करून मी दिवसभर भिंतीकडं बघत बसू का? तुमी दुकानात जाल. मी काय करू?"

मी म्हटलं, "क्लास बंद करायचा नाही. धूळ बंद करायची."

बोलून गेलो. आणि मग ते खरं करायच्या मागे लागलो.

शालनसाठी मी जी लोटणी केली, ती माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. पेटी नवी बनवली. रूळ लोकरीचा. पेटीच्या चारी कडांना जाड लोकरी फेल्टच्या पट्ट्या, म्हणजे आत गेलेली धूळ फटीतून बाहेर यायला नको. रुळाची उंची कमी-जास्त करायला बाजूला एक स्क्रू, कारण सतरंजीला एक उंची लागते आणि फरशीला दुसरी. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत टाकून मी ती चालवून बघायचो. झोतात धुळीचा कण तरंगताना दिसला की पुन्हा पेटी खोलायची. दर दोन-चार महिन्यांनी काही ना काही बदल. दुकानातली गिऱ्हाइकं ताटकळायची आणि मी फेल्ट कापत बसलेला असायचो.

घरात शालनला सक्त ताकीद होती. झाडूला हात लावायचा नाही, प्रत्येक बॅचनंतर लोटणी फिरवायची. संध्याकाळी दुकान बंद करून आलो की चहाच्या आधी मी पेटीची झडप उघडायचो. पेटी रिकामी. स्वच्छ. मी शालनला दाखवायचो, "हे बघ. धूळच उरली नाही घरात."

"मशीनच तसं हाय तुमचं," ती म्हणायची आणि चहा गाळायची.

लोकांच्या पेट्या वाचून त्यांच्या घरात काय चाललंय ते सांगणारा मी. माझ्या घरातली पेटी रोज रिकामी का, हा प्रश्न मला पडला नाही. अठरा मुली कापड कापतायत, बाहेर मुरमाच्या गाड्या चालल्यायत आणि पेटीत एक धागा नाही. पण मला ते माझं यश वाटत होतं, आणि यशाची कुणी तपासणी करत नाही.

लोटणीचा बोलबाला झाला तो मंचरच्या एका मंगल कार्यालयामुळे. तिथले व्यवस्थापक बबनराव. त्यांच्याकडे स्टेजवर लाल गालिचा होता आणि दर लग्नानंतर त्यावर अक्षतांचा सडा. झाडूनं अक्षता निघत नसत, गालिच्याच्या लवेत रुतून बसत. व्हॅक्युम क्लीनर होता, पण तो तांदूळ खाऊन सारखा बंद पडायचा. बबनराव फोनवर म्हणाले, "मिस्त्री, लई वैताग आलाय राव. एक लगीन आटपून दुसरं उभं ऱ्हायचं आसतंय, मधी दीड तास. तेवढ्यात पयल्या नवरा-नवरीचे तांदूळ निघाले पायजेत का न्हाई?"

मी दोन लोटण्या घेऊन गेलो. पहिल्या फेरीतच दोन्ही अडकल्या. अक्षता रूळ आणि चाकाच्या मधे जाऊन बसत होत्या आणि कुंकवाच्या पाण्यानं चिकट झालेल्या होत्या. तिथेच मांडवामागे बसून चाकाजवळचा पत्रा कातरला, तांदूळ निसटून जाईल एवढी खाच ठेवली. दुसऱ्या फेरीत गालिचा साफ. बबनरावांनी पेटी ओतायला एक मोठं ताट आणलं. अक्षता कचऱ्यात टाकायच्या नाहीत असा त्यांचा नियम होता. त्या निवडून पाखरांना घालायचे. "आशीर्वाद हाय तो," ते म्हणाले, "उकिरड्यावर कसा टाकायचा?" मला जेवायला बसवलं, चार लोकांशी ओळख करून दिली, हे आपले इंजिनिअर म्हणून. मी नको म्हणालो नाही.

त्या संध्याकाळी एसटीनं घरी आलो तर दाराला कुलूप. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, दवाखान्यात नेलंय. ताईला लई दम लागला व्हता, बोलता येत नव्हतं." दवाखान्यात शालन तोंडाला वाफेचा मुखवटा लावून बसली होती. मला बघून तिनं हात वर केला, ठीक आहे अशा अर्थी. माझ्या पिशवीत बबनरावांनी दिलेला बुंदीचा पुडा होता. तो कुठे ठेवावा हे मला सुचेना.

डॉक्टर म्हणाले, धूळ कमी व्हायला हवी. मी म्हटलं, घरात धूळ नाहीच. त्यांनी चिठ्ठीवर आणखी एक औषध लिहिलं.

मी काय केलं असेल? यंत्र आणखी घट्ट केलं. फेल्ट दुहेरी लावलं, लोकर आणखी दाट केली. पुढच्या वर्षभरात शालनला तसले झटके चार वेळा आले. दर वेळी मी पेटी खोलली आणि दर वेळी थोडी सुधारली. यंत्र जितकं चांगलं होत गेलं तितकी ती खालावत गेली आणि मला त्या दोन गोष्टींचा संबंध दिसला नाही.

तो दाखवला मोठीबाईंनी.

एका दुपारी त्यांच्या लोटणीचा दांडा बसवायला गेलो होतो. शेठ खाली दुकानात. मोठीबाई म्हणाल्या, थांबा, आधी पेटी रिकामी करते. मी म्हटलं, द्या, मी ओततो. नाही म्हणाल्या. आधी मागच्या ओसरीत सावलीची जागा बघितली. वारा नाही ना, ते पदर सैल सोडून बघितलं. मग पाटावर बसून पेटी अगदी जमिनीला टेकवली, झडप बोटभर उघडली, आणि कचरा हळूहळू खाली सरकू दिला. एक कण उडाला नाही. मग चष्मा लावून त्यात काही जिवंत आहे का ते बघत बसल्या. याला त्या परठवणं म्हणायच्या. मला घाई होती. मी म्हटलं, "मोठीबाई, एवढ्या वेळात तर अर्धा मजला झाडून होईल."

त्या मान वर न करता म्हणाल्या, "झाडणं सोपं आहे, भाऊ. गोळा केलेलं टाकायचं कसं, त्यातच जास्त जीव जातात." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पेटी कोण ओततं?"

मी हातातला दांडा खाली ठेवला. आमच्याकडे पेटी कुणी ओतत नाही. आमची पेटी रिकामीच असते.

दांडा तसाच टाकून मी घरी निघालो. त्या वेळी मी कधी घरी जात नसे. दुपारची बॅच नुकती सुटली होती, दारात दोन मुली चपला घालत होत्या. मला बघून दचकल्या. मी सरळ मागच्या दारी गेलो. शालन परसात पाठमोरी उभी. तोंडात पदर धरलेला, हातात पेटी उलटी. ती पेटी दगडावर आपटत होती, मग फेल्टच्या पट्ट्या बोटांनी झटकत होती, मग लोकर पिंजून काढत होती. आणि तिच्या तोंडाभोवती करड्या धुळीचा असा लोट होता की मला तिचा चेहरा दिसेना. सबंध खोलीची धूळ, मी कष्टानं एक-एक कण धरून पेटीत कोंडलेली, ती रोज दोन वेळा अशी अंगावर घेत होती. जुन्या लोटणीत ही धूळ खोलीभर तरी पांगली असती. मी ती गोळा करून तिच्या नाकाशी आणून दिली होती.

मी तिच्या हातातून पेटी घेतली. ती खोकत खाली बसली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "आज लवकर आलात."

"तू रोज हे करतेस? मला का सांगितलं नाहीस?"

तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "पेटी भरलेली दिसली असती तर तुमी क्लास बंद केला असता. न्हाई का? आन् तुमी किती खुश व्हायचा झडप उघडून. म्हणून तुमी यायच्या आधी साफ करून ठेवायची."

मला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. मी तिच्याशेजारी धुळीतच बसलो.

पुढच्या आठ दिवसांत पेटीच्या आत बसणारी एक पिशवी तयार झाली. मांजरपाट कापडाची, तोंडाला लेंग्यासारखा नाडा. नाड्याचं टोक पेटीबाहेर. लोटणी फिरवून झाली की बाहेरूनच नाडा ओढायचा, पिशवीचं तोंड आवळतं, मग झडप उघडून पिशवी काढायची आणि सरळ पाण्याच्या बादलीत बुडवायची. धुळीचा चिखल होतो. चिखल जास्वंदीच्या बुडाशी. फेल्टही मी बदलता येण्याजोगं केलं, म्हणजे झटकायला नको. पिशवी शालननं बेतली. पुढे क्लासात नवी मुलगी आली की तिला पहिल्या आठवड्यात ही पिशवीच शिवायला लावायची. सरळ शिवण, दुमड आणि नेफा, तिन्ही एका पिशवीत येतात. मोठीबाईंना मात्र बादली पटली नाही. पाण्यात बुडवलं तर आतला जीव गेलाच. त्यांच्यासाठी नाडा ढिला होणारी वेगळी पिशवी केली आणि त्या आपल्या ओसरीत, सावलीत, चष्मा लावून सोडत राहिल्या. शेवटपर्यंत.

एवढं यंत्र सुधारायला मला जी अक्कल लागली ती मोठीबाईंची, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. दांडा बसवायला परत गेलो तेव्हा सांगणार होतो. त्या सामायिकाला बसल्या होत्या, म्हणून दांडा बसवून निघून आलो. पुढे राहूनच गेलं.

शालनचे झटके कमी झाले. पण डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते भरून येत नाही, उरलेलं सांभाळा. आम्ही सात वर्षं सांभाळलं. क्लास चालू राहिला, आधी एका बॅचवर आला, मग चार मुलींवर. त्या सात वर्षांत पेटी रोज मी ओतली. दुपारी दुकान अर्धा तास बंद ठेवून घरी यायचो. पिशवी बादलीत सोडायच्या आधी तोंडाशी एक नजर टाकायचो आणि शालनला सांगायचो, "आज जांभळ्या रंगाचं ब्लाउज होतं. कुणीतरी काज चुकवलं आणि उसवलं." ती म्हणायची, "बरोबर. सुनीतानं." आमचं बोलणं बरंचसं असंच असायचं. आता वाटतं, ते दिवस चांगले होते. तेव्हा मला भीती वाटत होती म्हणून ते नीट उपभोगता आले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी, उन्हाळा संपता संपता ती गेली. ते मी इथे लिहीत नाही.

दुकान मी दिलं. भाऊ दर पंधरा दिवसांनी फोन करतो, "दादा, पिंपळवंडीला या आता. एकट्यानं काय करता तिथं?" मी म्हणतो, बघतो. तो माझा धंदा ओळखून आहे, त्यामुळे त्याला अर्थ कळतो. भाच्यानं पुण्याहून एक गोल यंत्र आणलं होतं. ते आपोआप घरभर फिरतं, भिंतीला आपटलं की वळतं. चांगलं आहे. पण ते खोलीत एकटंच फिरताना बघवेना, म्हणून परत पाठवलं.

पुढच्या खोलीत सतरंजी अजून तशीच अंथरलेली आहे. पाच मशिनींवर झाकणं आहेत. रस्त्याचं काम कधीच संपलं, डांबर गुळगुळीत आहे. मी रोज संध्याकाळी लोटणी फिरवायचो. चार फेऱ्या, खिडकीपासून दारापर्यंत. मग झडप उघडायची. पेटी रिकामी. ज्या सतरंजीवर कुणी बसत नाही तिच्यावर काय असणार? पूर्वी याच रिकाम्या पेटीवर मी किती खूश व्हायचो. आता मी झडप घाईनं लावून टाकायचो, आणि तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फिरवायचोच. शालन पेटी साफ करून ठेवायची तेव्हा निदान ती खोटी तरी रिकामी होती.

गेल्या महिन्यात रोहिणी आली. शालनच्या शेवटच्या बॅचमधली, आता घोडेगावला दिलेली. मशीन टाके सोडत होतं, म्हणून नवऱ्याच्या मोटारसायकलवर मधे धरून घेऊन आली. मी म्हटलं, दुकान बंद केलंय गं. ती म्हणाली, "काका, बाईंचं मशीन हाय हे, तुमीच दिलं व्हतं लग्नात. दुसऱ्याला कसं दाखवू?" शटलचं टोक खरबरीत झालं होतं. ते घासून काढलं, धाग्याचा ताण जुळवला. रोहिणीनं पिशवीतून पोपटी रंगाचा कपडा काढला, सतरंजीवर बसून त्याच्या कडेनं खडूची रेघ ओढली आणि मग मशिनीवर शिवून बघितलं. टाका बरोबर पडला. तिनं धागा दातानं तोडला. शालन यासाठी ओरडायची.

"बाई असत्या तर कात्री हातात दिली असती," ती म्हणाली आणि कापडाची घडी घालू लागली.

तिचा नवरा बाहेर हॉर्न वाजवत होता. ती चहा न घेताच गेली.

संध्याकाळी मी लोटणी फिरवली आणि झडप उघडली. पिशवीत पोपटी धाग्याचे तीन तुकडे होते, आणि खडूची एक पापडी. मी सवयीनं मागे वळून म्हणालो, "आज पोपटी."

त्या दिवसापासून घर मी ओल्या फडक्यानं पुसतो. लोटणी कोपऱ्यात उभी आहे. रोज संध्याकाळी झडप उघडून बघतो, तुकडे आहेत. पिशवीचा नाडा मी अजून ओढलेला नाही.